नवा फोन घेण्याआधीची तुलना : कुठून सुरू करायची, काय तपासायचं, कुठे फसगत होते

फोन बदलायचा म्हटलं की बहुतेक जण आधी एक फोन पसंत करतात आणि मग तुलना करायला बसतात. मग ती तुलना राहतच नाही, पसंत पडलेल्या फोनची वकिली सुरू होते. त्याच्या बाजूचे आकडे लक्षात राहतात आणि विरुद्ध जाणारे "त्यात काय एवढं" म्हणून सोडून दिले जातात. दोन महिन्यांनी मग प्रश्न पडतात: ग्रुप फोटोत सगळे मावत का नाहीत, चार्जर वेगळा का घ्यावा लागला, जवळचं सर्व्हिस सेंटर दीडशे किलोमीटरवर कसं?

म्हणून खालचा क्रम उलटसुलट करू नका. उदाहरणासाठी २०२५ मध्ये भारतात आलेले तीन फोन घेतले आहेत: सॅमसंग गॅलेक्सी ए५६, गूगल पिक्सेल ९ए आणि वनप्लस १३एस. किमती बाजारात आले तेव्हाच्या आहेत, तिन्ही २५६ जीबी स्टोरेजच्या. तुमच्या यादीत दुसरी नावं असली तरी पद्धत हीच.

## १. आधी हातातला फोन तपासा

"स्लो झालाय" हे लक्षण झालं. दुखणं दुसरंच असू शकतं, आणि कधी कधी त्याला नवा फोन हा उपाय नसतो.

पहिली बघायची ती बॅटरी. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या बॅटरी विभागात बॅटरी हेल्थचा टक्का दिसतो. सॅमसंगवर सॅमसंग मेंबर्स ॲपमधल्या तपासणीत बॅटरीची स्थिती कळते. टक्का ८० च्या खाली गेला असेल तर दुपारपर्यंत चार्जिंग संपण्यात नवल नाही. थकलेल्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये म्हणून आयफोन प्रोसेसरचा वेगही कमी करू शकतो. ॲपलने हे डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं होतं. अशा फोनची बॅटरी बदलली की वेगही परत येतो. अधिकृत सेंटरला फोन करून बॅटरी बदलण्याचा खर्च विचारा आणि तो आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

मग स्टोरेज. ते काठोकाठ भरलं की चांगला फोनही अडखळायला लागतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज स्टोरेज' उघडून कुठला ग्रुप किती जागा खातोय ते बघा. सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपमधले व्हिडिओ काढले तरी कित्येक जीबी मोकळे होतात.

तिसरी गोष्ट सुरक्षा अपडेटची तारीख. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या तळाशी 'अबाउट फोन' असतं, किंवा 'सिक्युरिटी' विभागातही ही तारीख दिसते. ती वर्षाहून जुनी असेल, कंपनीने त्या मॉडेलचं अपडेट बंद केलं असेल आणि त्याच फोनवर तुमचं बँकेचं ॲप चालत असेल, तर फोन बदलायला हे खरंखुरं कारण आहे. कॅमेऱ्याच्या हौसेपेक्षा कितीतरी मोठं.

इथे थांबा: अपडेट चालू आहे, बॅटरी बदलून काम भागतंय आणि जागा मोकळी करता येतेय, असं असेल तर वर्षभर थांबलेलं बरं. फोनच्या बाजारात थांबणाऱ्याचं सहसा नुकसान होत नाही.

सावधान: मागचं झाकण उचललं गेलंय किंवा स्क्रीन कडेने वर आलाय असं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. तो फोन चार्जिंगला लावू नका, उशाशी ठेवू नका, थेट सेंटरला न्या.

## २. नकाराच्या अटी लिहा

आता कागद घ्या आणि गेल्या काही आठवड्यांत फोनने तुम्हाला कुठे कुठे अडवलं ते लिहा. त्यातून तीन-चार अटी काढा. अट पूर्ण झाली नाही तर फोन यादीतून बाहेर, मग तो कितीही देखणा असो.

अट अशी हवी की उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच यावं. "कॅमेरा चांगला पाहिजे" ही अट नव्हे, कारण चांगला नाही असं कुठलीच कंपनी म्हणत नाही. "संध्याकाळी घरात पळणाऱ्या पोराचा फोटो हलता कामा नये" ही अट झाली. "बाबांना एका हाताने धरून अंगठ्याने वरचं बटण दाबता आलं पाहिजे", "जिल्ह्याच्या ठिकाणी अधिकृत सर्व्हिस सेंटर हवं", "गावच्या घरात आतल्या खोलीतही रेंज मिळाली पाहिजे" या अटी. "फ्लॅगशिप वाटला पाहिजे" ही हौस. हौसेला हरकत नाही, पण तिला दुसऱ्या कागदावर जागा द्या.

बजेट लिहिताना फोनची किंमत लिहू नका, खिशातून एकूण किती जाणार ते लिहा. कव्हर, स्क्रीन गार्ड आणि लागलाच तर चार्जर त्यातच धरा. पिक्सेल ९ए आणि गॅलेक्सी ए५६ च्या बॉक्समध्ये चार्जर येत नाही, वनप्लस १३एस मध्ये येतो.

नेहमीची चूक: फोन आवडला की अट सैल करणे. "वाइड (जास्त रुंद दृश्य टिपणारा) कॅमेरा नाही, पण आपण तेवढा वापरतो कुठे?" असं मनात आलं की समजा, तुलना संपली आणि वकिली सुरू झाली. जुन्या फोनच्या गॅलरीत गेल्या गणपतीचे फोटो उघडा आणि किती फोटो वाइडने काढलेत ते मोजा.

## ३. तीनच फोन, आणि नेमका कुठला ते

अटींमध्ये बसणारे तीन फोन निवडा. दोन घेतले की नुसतं भांडण होतं, सहा घेतले की डोकं चालेनासं होतं.

पुढचं पाऊल बरेच जण गाळतात. फोनचं पूर्ण नाव, रॅम, स्टोरेज आणि भारतात विकला जाणारा मॉडेल क्रमांक लिहून काढायचा. नाव एक आणि आतला माल वेगळा, असं सर्रास असतं. गॅलेक्सी एस२४ भारतात एक्झिनॉस २४०० चिपसह विकला गेला, अमेरिकेत तोच फोन स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ सह. नथिंग फोन (३) ची भारतातली बॅटरी ५,५०० एमएएच आणि बाहेरच्या देशांत ५,१५०. परदेशी यूट्यूबरने केलेली बॅटरीची चाचणी तुमच्या हातात येणाऱ्या फोनची असेलच असं नाही.

अमेरिकेतल्या भाच्याकडून आयफोन मागवणाऱ्यांसाठी: आयफोन १४ पासून तिकडे विकल्या जाणाऱ्या मॉडेलला सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम (कार्डाशिवायचं, फोनमध्येच बसवलेलं सिम) चालतं. तुमच्या सिम कंपनीकडून ई-सिम घेता येतं, पण उद्या फोन बंद पडला तर कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकायची सोय राहत नाही. शिवाय परदेशात घेतलेल्या फोनची वॉरंटी इथे चालते का, ते कंपनीनुसार आणि मॉडेलनुसार आधी विचारून घ्या.

चिपच्या नावांतही असाच घोळ असतो. स्नॅपड्रॅगन ७एस जेन ३ आणि ७ प्लस जेन ३ ही नावं सख्ख्या भावंडांसारखी वाटतात, पण वेगात दोघांत बराच फरक आहे. एक अक्षरही न गाळता लिहा.

तपासा: कंपनीच्या भारतीय वेबसाइटवरच्या पानावरूनच माहिती घेतली ना? विक्रीच्या ॲपवर फोनची माहिती चुकीची भरलेली अनेकदा सापडते.

## ४. आकडे वाचताना

यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि फसगतही इथेच होते. प्रत्येक आकड्याच्या पुढे "म्हणजे माझ्या कुठल्या अटीला?" हे लिहायचं. उत्तर नसेल तर तो आकडा खोडा.

मेगापिक्सेल. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा सहसा चार पिक्सेल जोडून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. कमी उजेडात ते चांगलंच आहे, पण आकडा मोठा म्हणून फोटो मोठा होत नाही. बघायचं ते असं: मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी लेन्सची सोय) आहे का, आणि बाकीचे कॅमेरे कुठले आहेत. 'ट्रिपल कॅमेरा' लिहिलेल्या फोनमध्ये तिसरा कॅमेरा कित्येकदा कामाचा नसतो, नुसता संख्या भरायला असतो. आपल्या तिघांत मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस सगळ्यांकडे आहे, फरक पुढे आहे. ए५६ मध्ये मुख्य, वाइड आणि ५ मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायचा). पिक्सेल ९ए मध्ये मुख्य आणि वाइड, एवढंच. वनप्लस १३एस मध्ये मुख्य आणि दुप्पट झूमचा टेलिफोटो, वाइड नाहीच. तिघांतला सगळ्यात महाग फोन आणि मांडवातला सगळा गोतावळा एका फोटोत बसवायचा तर मागे सरकत भिंतीला टेकावं लागणार. ज्याला पोर्ट्रेट आवडतात त्याला हाच फोन जास्त पटेल. म्हणून अट आधी लिहायची.

रॅम. "८ जीबी अधिक ८ जीबी" यातली दुसरी आठ खरी रॅम नव्हे. स्टोरेजचा तुकडा रॅमसारखा वापरायचा, एवढाच तो प्रकार. तुलनेच्या कागदावर फक्त पहिला आकडा लिहा.

स्टोरेज. १२८ जीबीपैकी बरीच जागा सिस्टिमच घेते. ए५६, ९ए आणि १३एस या तिघांतही मेमरी कार्ड टाकता येत नाही. चार वर्षं वापरायचा फोन १२८ मध्ये घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आज वाचवलेले तीन हजार पुढे दर महिन्याच्या क्लाउडच्या भाड्यात जातात. स्टोरेज यूएफएस (वेगवान प्रकार) की ईएमएमसी (जुना, हळू प्रकार) तेही बघा. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी असेल तर दोन वर्षांत चिडचिड होणार.

स्क्रीनचे निट्स, म्हणजे उजळपणाचं माप. सगळ्यात मोठा आकडा स्क्रीनच्या छोट्याशा भागावर, तोही विशिष्ट स्थितीतच मिळतो. पिक्सेल ९ए च्या एकाच स्क्रीनसाठी कंपनी १,८०० आणि २,७०० असे दोन आकडे देते, ए५६ साठी १,२०० आणि १,९००. एका फोनचा मोठा आकडा दुसऱ्याच्या लहान आकड्याशी लावला की निकाल हवा तसा फिरवता येतो, आणि जाहिरातीत तेच होतं. लहानाशी लहान, मोठ्याशी मोठा लावा.

बॅटरी आणि चार्जिंग. १३एस मध्ये ५,८५० एमएएच आणि ८० वॉट, ए५६ मध्ये ५,००० आणि ४५, ९ए मध्ये ५,१०० आणि अवघे २३ वॉट. ९ए पूर्ण भरायला दीड तासाहून जास्त लागतो. रात्री चार्जिंगला लावून झोपणाऱ्याला याचं काही देणंघेणं नाही. सकाळी आंघोळ उरकेपर्यंत फोन भरला पाहिजे अशी सवय असेल तर मात्र रोज बोचेल. ८० वॉट मिळतात ते त्याच कंपनीच्या चार्जरवर. घरातल्या दुसऱ्या चार्जरवर तोच फोन बराच हळू भरतो. सॅमसंगचे ४५ वॉट हवे असतील तर चार्जर पीपीएस प्रकारचा (फोनला लागेल तसा व्होल्टेज बदलणारा) हवा. उलट बाजूने, बिनतारी चार्जिंग या तिघांत फक्त ९ए ला आहे.

पाण्यापासून संरक्षण. ९ए आयपी६८, ए५६ आयपी६७, १३एस आयपी६५. यातला दुसरा अंक पाण्याचा. ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल, ७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास, ८ म्हणजे कंपनी सांगेल तेवढं त्याहून खोल. पावसात स्कूटरवर जाताना तिन्ही चालतील, बादलीत पडला तर १३एस ची खात्री नाही. गणपतीपुळ्याच्या समुद्रात मात्र कुठलाच नेऊ नका, चाचणी खाऱ्या पाण्यात झालेली नसते. आणि पाणी शिरून झालेली खराबी सहसा वॉरंटीत बसत नाही, आयपी कितीही असला तरी.

नेटवर्क. भारतात ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं, त्यामुळे आता 'आहे का' हा प्रश्न उरला नाही, 'कुठले बँड', म्हणजे लहरींचे कुठले पट्टे, हा आहे. जिओ वापरत असाल तर एन२८ आणि एन७८ दोन्ही यादीत हवेत. एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, जाड भिंतींच्या घरात आत पोचणारा. गावात किंवा तळमजल्यावर रेंजची बोंब असेल तर वायफाय कॉलिंग तुमच्या सिम कंपनीसह त्या फोनवर चालतं का तेही विचारा.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात: व्हॉट्सॲप, बँक, यूट्यूब, नकाशे यांना या तिघांतली कुठलीही चिप भरपूर झाली. १३एस मधली स्नॅपड्रॅगन ८ एलिट बाकी दोघांपेक्षा कितीतरी वेगवान आहे. गेम खेळणारा किंवा फोनवरच व्हिडिओ एडिट करणारा घरात असेल तर तिचे पैसे मोजा. अंतूतू किंवा गीकबेंच या वेग मोजणाऱ्या ॲपचा एकच आकडा बघू नका. सलग वीस मिनिटं खेळल्यावर वेग किती टिकतो आणि फोन किती तापतो, हे दाखवणारी चाचणी शोधा. विदर्भातल्या मे महिन्यात तर ते जास्तच खरं.

## ५. वर्षाचा खर्च काढा

किमतीवर किमती लावून काही कळत नाही. फोन किती वर्षं चालवता येईल त्याने भागलं की चित्र बदलतं.

त्यासाठी अपडेटची मुदत हवी. पिक्सेल ९ए ला सात वर्षं, गॅलेक्सी ए५६ ला सहा वर्षं. वनप्लस १३एस ला अँड्रॉइडच्या चार मोठ्या आवृत्त्या आणि सहा वर्षं सुरक्षा अपडेट. ही मुदत फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. सेलमध्ये स्वस्त झालेला दोन वर्षं जुना फोन घेताना हे विसरलं जातं. चार वर्षांच्या अपडेटवाल्या फोनची त्यात दोन वर्षं आधीच गेलेली असतात.

समजा तिन्ही फोन बाजारात येऊन वर्ष झाल्यावर घेतले, आणि सोयीसाठी किमती लाँचच्याच धरल्या.

ए५६ : ४४,९९९ रुपये, उरलेली पाच वर्षं. वर्षाला सुमारे ९,००० रुपये.
९ए : ४९,९९९ रुपये, उरलेली सहा वर्षं. वर्षाला सुमारे ८,३३० रुपये.
१३एस : ५४,९९९ रुपये, सुरक्षा अपडेटची उरलेली पाच वर्षं. वर्षाला सुमारे ११,००० रुपये.

पाच हजारांनी महाग असलेला ९ए इथे ए५६ पेक्षा स्वस्त पडतो. पण तुम्ही दर तीन वर्षांनी फोन बदलणारे असाल तर? मग तिघांनाही तीनाने भागा: १५,०००, १६,६७० आणि १८,३३०. आता ए५६ पुढे. म्हणजे कुठला स्वस्त हे फोनवर जेवढं, तेवढंच तुमच्या सवयीवर ठरतं. मागचा फोन खरोखर किती वर्षं वापरला ते आठवा, "यावेळी सहा वर्षं वापरणार" या संकल्पावर भागाकार करू नका.

पाच-सहा वर्षं धरणार असाल तर मध्ये एकदा बॅटरी बदलण्याचा खर्च मिळवा. तीन वर्षांत विकणार असाल तर तीन वर्षं जुन्या तशाच मॉडेलला एक्स्चेंजमध्ये किती मिळतात ते बघा आणि तेवढे वजा करा. पहिल्या टप्प्यात लिहिलेला जुन्या फोनच्या बॅटरीचा आकडाही याच हिशोबाशेजारी ठेवा. एखादं वर्ष त्यावर निघणार असेल तर त्या वर्षाचा खर्च तेवढाच. बहुतेक वेळा तोच सगळ्यात लहान निघतो, आणि मन नाराज होतं.

## ६. दुकानात जा, पण घेऊ नका

कागदावर जो पुढे आहे आणि जो दुसरा आहे, ते दोन्ही हातात घ्यायचे. दुकानदाराला सरळ सांगा, "आज घेणार नाही, बघायला आलोय." जे घाई करतील त्यांच्याकडे परत जायची गरज नाही.

डेमो फोनवर बहुधा ब्राइटनेस पूर्ण चढवलेला असतो आणि कंपनीचा चकचकीत व्हिडिओ चालू असतो. तो बंद करा. ब्राइटनेस अगदी खाली आणा आणि काही मिनिटं एखादी बातमी वाचा. कमी उजेडात ओएलईडी स्क्रीनच्या लुकलुकण्याने काहींचे डोळे दुखतात, हे इथेच कळतं. मग दाराशी जाऊन उन्हात तीच बातमी वाचा.

कीबोर्ड मराठीवर आणून "कोऱ्या कागदावर वऱ्हाडातल्या दौऱ्याचा ॲडव्हान्स" असं काहीतरी टाइप करा. ऱ्या, ऱ्हा आणि ॲ नीट उमटतात का, आणि कंपनीने दिलेल्या फॉन्टमध्ये वेलांट्या-मात्रा वरच्या ओळीत घुसत नाहीत ना, ते दिसेल. रोज चार पानं मराठीत टाइप करणाऱ्याला ही तपासणी मेगापिक्सेलपेक्षा मोलाची.

कॅमेरा दुकानाच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात वापरा. सोबत आलेल्या माणसाला मान हलवायला सांगा, फोटो काढा, चेहरा मोठा करून बघा. दोन्ही फोनवर तेच करा. झूम न करता फोनच्या स्क्रीनवर बघितलेला प्रत्येक फोटो छानच दिसतो.

आता एका हातात धरून अंगठा वरच्या दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नेऊन बघा. ए५६ ६.७ इंचाचा आणि १९८ ग्रॅमचा, ९ए ६.३ इंचाचा आणि १८६ ग्रॅमचा. बारा ग्रॅम म्हणजे काहीच नाही, रुंदीचा फरक मात्र बोटांना लगेच जाणवतो. शर्टाच्या खिशात टाकून खाली वाकून बघा. बोट जरा ओलं करून फिंगरप्रिंट चालतो का तेही बघा. दुकानदार डेमो फोनवर बोट नोंदवू देतोच असं नाही, पण विचारायला काय जातं.

तपासा: नकाराच्या अटींचा कागद दुकानात जवळ होता का? नसेल तर घरी येऊन तो पुन्हा वाचा आणि मगच मत द्या.

## ७. रिव्ह्यू कुठले बघायचे

लाँचच्या दिवशी येणारे रिव्ह्यू सोडा, त्या वेळी सगळ्यांचेच फोन नवे असतात आणि सगळेच खूश असतात. "सहा महिन्यांनंतर" अशा प्रकारचे दोन-तीन बघा. खरेदीच्या ॲपवर पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले दोन्ही बाजूला ठेवून तीन स्टारवाल्यांचं वाचा. एकच तक्रार पुन्हा पुन्हा येतेय का, एवढंच शोधायचं: तापतो, कॉलवर आवाज दबतो, अपडेटनंतर स्क्रीनवर रेष आली. कुरिअरला उशीर झाला म्हणून दिलेला एक स्टार फोनबद्दल काहीच सांगत नाही.

## ८. आता कुठे किमतीकडे या

ऑफर शेवटी बघायची. आधी बघितली की ऑफर असलेला फोनच चांगला वाटायला लागतो.

वेळ बघा. ॲपलचे नवे आयफोन सप्टेंबरमध्ये येतात आणि त्यानंतर आधीच्या मॉडेलची किंमत अधिकृतपणे उतरते. आयफोन १६ आल्यावर आयफोन १५ दहा हजारांनी खाली आला, १७ आल्यावर १६ चं तेच झालं. सॅमसंगची एस मालिका वर्षाच्या सुरुवातीला येते, गूगलचे मुख्य पिक्सेल २०२४ पासून ऑगस्टमध्ये. नवं मॉडेल महिन्यावर आलं असेल तर जुनं आज पूर्ण किमतीत घेणं शहाणपणाचं नाही. दसरा-दिवाळीच्या आधी ऑनलाइन सेल लागतातच, पण "सेलचा भाव" खरंच कमी आहे का, हे आधीचे दोन-तीन आठवडे किंमत लिहून ठेवली तरच कळतं.

'नो कॉस्ट ईएमआय' फुकट नसतो. दुकान व्याजाएवढी सूट देतं आणि बँक ते व्याज तुमच्याकडून वसूल करते, इथवर हिशोब बरोबर. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्ही भरता, वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरही जीएसटी. ५०,००० रुपयांचा फोन, सहा हप्ते, बँकेचा दर १६ टक्के धरला तर व्याज सुमारे २,२५० होतं आणि त्यावरचा जीएसटी सुमारे ४०५ रुपये. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर जीएसटीसह २३५. म्हणजे साधारण ६४० रुपये जास्त. रक्कम मोठी नाही, पण एकरकमी पैसे देणाऱ्याला कार्डावर वेगळी सूट असेल तर दोन्हींतला फरक काढून बघा.

एक्स्चेंजमध्ये ॲप दाखवतं तो भाव घरी आलेला माणूस फोन तपासून कमी करू शकतो. म्हणून जवळच्या दुकानात जुन्या फोनचा रोख भाव आधी विचारून ठेवा.

सावधान: बिल जीएसटीसह, आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) छापलेलं हवं. "बिलाशिवाय दोन हजार कमी" हे ऐकू आलं तर दुकानातून बाहेर पडा. वॉरंटीच्या वेळी तेच बिल मागतात.

## ९. ताबा घेताना

ऑनलाइन मागवला असेल आणि 'ओपन बॉक्स डिलिव्हरी' असेल तर बॉक्स उघडून फोन बघितल्याशिवाय ओटीपी सांगू नका. ती सोय नसेल तर सील फोडण्याच्या आधीपासून, पत्त्याच्या लेबलसह, एकसलग व्हिडिओ काढा. मध्ये कट नको.

फोन चालू झाल्यावर *#०६# डायल करा. स्क्रीनवर येणारा आयएमईआय बॉक्सवरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. मग केवायएम लिहून, जागा सोडून तो १५ अंकी क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा, म्हणजे सरकारी नोंदीत तो फोन कसा आहे ते कळतं. केवायएम ही अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये (KYM) टाका. हीच सोय सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आहे. जुना किंवा 'रिफर्बिश्ड' (दुरुस्त करून पुन्हा विकलेला) फोन घेताना तर हे पैसे देण्याआधी करायचं.

पहिल्या दोन दिवसांत सगळं वापरून घ्या: दोन्ही सिमवर कॉल, स्पीकर, वायफाय, जीपीएस, सगळे कॅमेरे, चार्जिंग. भारतात ऑनलाइन खरेदीला बहुतेक ठिकाणी मिळतं ते सात दिवसांत दोष असल्यास बदलून. "आवडला नाही" हे कारण चालत नाही. तेवढ्यात दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

## १०. जुना फोन लगेच देऊ नका

एक्स्चेंजच्या घाईत सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. फोन गेला आणि मग आठवलं, लॉगिनसाठी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप त्यातच होतं.

क्रम असा. आधी व्हॉट्सॲपचा बॅकअप. अँड्रॉइडवर तो गूगल खात्याच्या १५ जीबीत मोजला जातो, त्यामुळे जागा आहे का ते बघा. दोन्ही फोन अँड्रॉइड असतील तर क्यूआर स्कॅन करून थेट चॅट हलवता येतात. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना मात्र चॅट 'मूव्ह टू आयओएस' या ॲपमधून, नवा फोन सेट करतानाच हलतात. आयफोन वापरायला सुरुवात केली आणि मग आठवलं तर तो रीसेट करून पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतर यूपीआय आणि बँकेची ॲप. बँकेत नोंदवलेलं सिम नव्या फोनमध्ये हवं आणि त्यात एसएमएस जाण्यापुरता बॅलन्स हवा. फोन बदलल्यावर निदान पहिला दिवस यूपीआयने पाठवायच्या रकमेवर कमी मर्यादा असते. शाळेची फी किंवा घरभाडं त्याच दिवशी भरायचं असेल तर जुन्या फोनवरून आधी उरकून घ्या.

नव्या फोनवर बँक, व्हॉट्सॲप, ऑथेंटिकेटर, डिजिलॉकर आणि फोटो असं सगळं उघडून पाहिल्यावर जुन्या फोनमधून गूगल खातं काढा, आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करा, आणि मग फॅक्टरी रीसेट. खातं न काढता रीसेट केला तर फोन पुढच्या माणसाकडे जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसू शकतो. एक्स्चेंजवाला तो घेत नाही, आणि घेतला तर रात्री तुम्हालाच फोन येतो. सिम आणि मेमरी कार्ड काढलंत का, ते फोन हातातून सोडण्याआधी ट्रे उघडून बघा.